बॉल पायथन: बुजलेल्या पाळीव सापाला घरात रुळवायचे कसे?

नवा साप घरी आला की पहिल्या दोन दिवसांत बहुतेक घरांत एकच चूक होते. घरातल्या प्रत्येकाला तो हातात घेऊन पाहायचा असतो. फोटो काढले जातात, शेजारची मुले पाहायला येतात, काच टकटक करून त्याला 'उठवले' जाते. मग साप गोळा होऊन बसतो, आठवडाभर अन्नाला तोंड लावत नाही आणि हात जवळ नेला की झडप घालतो. 'हा साप रागीट आहे' असा शिक्का बसतो. प्रत्यक्षात तो रागीट नसतो, घाबरलेला असतो.

जगात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक म्हणजे बॉल पायथन. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा देशांत तो सर्रास पाळला जातो आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही मुलांच्या हट्टामुळे तो येऊन पोहोचतो. असा साप नव्या घरात कसा रुळतो, त्याची भीती कशी ओळखायची आणि त्याला हाताची सवय कशी लावायची, हे या लेखात पाहू. भारतात साप पाळण्याबाबत कायदा काय सांगतो, तेही शेवटी दिले आहे.

बॉल पायथन कसा असतो?

हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या पट्ट्यात आढळणारा बिनविषारी अजगर आहे. ब्रिटनमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. अजगरांच्या मानाने तो लहान असतो. पूर्ण वाढलेला साप साधारण ९० ते १५० सेंटिमीटर लांब भरतो आणि मादी नरापेक्षा मोठी असते. नीट काळजी घेतली तर तो २० ते ३० वर्षे जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० साली, साठी उलटल्यावर, अंडी घातली होती. म्हणजे दहावीतल्या मुलाने हौसेने आणलेला साप त्याच्या लग्नानंतरही घरात असू शकतो. निर्णय घेताना हे लक्षात ठेवलेले बरे.

त्याच्या नावातच त्याचा स्वभाव आहे. धोका वाटला की तो पळत नाही, सहसा चावतही नाही. तो शरीराचा घट्ट चेंडू करतो आणि डोके मधोमध लपवतो. जंगलात तो दिवसा उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात पडून राहतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. चहूबाजूंनी अंग टेकलेले असले म्हणजे त्याला सुरक्षित वाटते. उघड्यावर पडणे म्हणजे पक्ष्याच्या किंवा मुंगसासारख्या प्राण्याच्या तोंडी जाणे. त्याला रुळवण्याची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

साप घाबरतो तेव्हा त्याला काय जाणवत असते?

सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून येणारी कंपने त्याला उत्तम कळतात आणि हवेतले खालच्या पट्टीतले आवाजही काही प्रमाणात जाणवतात. जीभ बाहेर काढून तो वासाचे कण टिपतो आणि टाळूतल्या खास इंद्रियाने त्यांची ओळख पटवतो. शिवाय अजगराच्या ओठांवर खाचा असतात. त्यांतून त्याला आसपासच्या वस्तूंची उष्णता जाणवते.

आता त्याच्या बाजूने विचार करा. वरून एक मोठी, गरम, अनोळखी वासाची वस्तू खाली येते. शिकारी पक्षी असाच येतो. त्या हाताला नुकत्याच हाताळलेल्या उंदराचा वास असेल, तर ती वस्तू अन्नही वाटू शकते. म्हणून चावणे दोन प्रकारचे असते. भीतीने मारलेली झडप झटकन होते आणि साप लगेच मागे सरतो. भुकेने मारलेली झडप मात्र पकड घेते आणि साप हाताला वेटोळे घालतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक ओळखता यायला हवा.

आपल्याकडे साप डूख धरतो असे म्हणतात. साप असा सूड मनात ठेवत नाही आणि कुत्र्यासारखी मायाही लावत नाही. त्याला कळतो तो अनुभव: हा वास आला, हा स्पर्श झाला आणि काहीही वाईट घडले नाही. असे पुन्हा पुन्हा घडले की तो घाबरणे सोडतो. साप 'माणसाळला' असे आपण म्हणतो तेव्हा एवढेच झालेले असते, आणि रोजच्या व्यवहाराला ते पुरेसे असते.

आधी घर, मग हात

बुजलेल्या सापाची निम्मी तक्रार त्याच्या पेटीतच असते. पेटी चुकीची असेल तर हाताळण्याची कोणतीही युक्ती चालत नाही. साप घरी आणण्याच्या काही दिवस आधी पेटी तयार करून तिचे तापमान स्थिर झाले आहे का, हे पाहून घ्यावे.

- उष्णता: पेटीच्या एका टोकाला ऊब घेण्याच्या जागेचे तापमान ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २७ अंश असावे. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, जागा बदलून ती मिळवतो. हीटर थर्मोस्टॅटला जोडलेलाच हवा. थर्मोस्टॅट नसलेल्या हीटिंग मॅटने साप भाजल्याची उदाहरणे डॉक्टरांना नेहमी दिसतात. उष्णतेसाठी ठेवायचे तापलेले दगड वापरूच नयेत.
- आडोसा: उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक, अशा लपायच्या दोन जागा हव्यात. दोन्ही शक्यतो सारख्या आणि आतून घट्ट असाव्यात, वेटोळे घातलेल्या सापाच्या अंगाला भिंती टेकतील इतक्या. एकच आडोसा ठेवला तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतून एकाची निवड करावी लागते. तो सुरक्षितता निवडतो, थंड पडतो आणि खाल्लेले पचवू शकत नाही.
- आर्द्रता: साधारण ५५ ते ६५ टक्के. कात टाकायच्या वेळी थोडी जास्त.
- काच: चारही बाजूंनी उघडी काच असेल तर तीन बाजूंना बाहेरून कागद लावावा. आत झाडाच्या फांद्या, कृत्रिम पाने, बुचाच्या साली ठेवाव्यात. पेटी जितकी गच्च भरलेली, तितका साप निर्धास्त. नुसती 'मोठी आणि मोकळी' पेटी त्याच्यासाठी मैदान असते.
- जागा: टीव्ही, स्पीकर, वॉशिंग मशीन आणि सतत उघडमीट होणारे दार यांच्यापासून लांब. कंपने त्याला झोपू देत नाहीत.
- झाकण: कुलूप किंवा घट्ट क्लिप असलेले. साप अगदी बारीक फटीतून निसटतो.

पहिले दोन आठवडे: काहीही न करणे

साप आणल्या दिवशी त्याला पेटीत सोडावे आणि दार बंद करावे. पुढचे सात ते दहा दिवस पाणी बदलणे, घाण उचलणे आणि तापमान पाहणे याखेरीज हात आत घालू नये. तो दिवसभर आडोशात दिसेनासा झाला तर काळजी करू नका, तेच अपेक्षित आहे. रात्री दिवे मंद केल्यावर तो हळूहळू बाहेर येऊन जीभ लवलवत फिरू लागला, तर रुळायला सुरुवात झाली असे समजावे.

साधारण आठवड्यानंतर पहिले खाणे द्यावे. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतक्या जाडीचा, आधी गोठवलेला आणि नंतर वितळवलेला उंदीर योग्य असतो. तो रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून, देण्याआधी पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवून कोमट करावा. मायक्रोवेव्ह वापरू नये. संध्याकाळी, लांब चिमट्याने, आडोशाच्या तोंडाशी धरावा. जिवंत उंदीर सोडणे टाळावे. घाबरलेला साप त्याला मारत नाही आणि उंदीरच सापाला कुरतडून गंभीर जखमा करू शकतो. शाकाहारी घरांत याच टप्प्यावर वाद होतात, म्हणून उंदीर कुठल्या फ्रीजरमध्ये ठेवायचे हे साप आणण्याआधीच ठरवावे.

खातच नाही, तेव्हा?

नव्या मालकांना सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट हीच, आणि घाईने नुकसान होते तेही इथेच. बॉल पायथन उपास करण्यासाठी प्रसिद्ध आहे. प्रौढ साप, विशेषतः नर, प्रजननाच्या हंगामात कित्येक आठवडे, कधी कधी महिने खात नाही आणि तरी धडधाकट असतो. लहान पिलांना मात्र इतकी सवलत नसते.

खाणे नाकारले तर उंदीर काढून घ्यावा आणि पाच ते सात दिवस सापाला पूर्ण एकटे सोडावे. रोज रोज उंदीर पुढे नाचवल्याने भीती वाढते. दरम्यान पेटीची दोन्ही टोकांची तापमाने पुन्हा तपासावीत, आडोसा घट्ट आहे का ते पाहावे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नव्हे, सापासाठी ठेवलेल्या वेगळ्या डिजिटल काट्यावर साधारण दोन आठवड्यांनी एकदा वजन घेऊन लिहून ठेवावे. वजन स्थिर असेल तर थांबता येते. ते दहा टक्क्यांहून अधिक घटले किंवा पिलाने सलग काही वेळा अन्न नाकारले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. जबरदस्तीने तोंडात अन्न कोंबण्याचा प्रयोग घरी करू नये.

हाताची सवय: पायरी पायरीने

सापाने सलग दोन-तीन वेळा व्यवस्थित खाल्ले की हाताळायला सुरुवात करता येते. त्याआधी नाही. खाल्ल्यानंतर किमान ४८ तास हात लावू नये, नाहीतर तो खाल्लेले बाहेर टाकतो, आणि त्याच्या शरीराला ते फार महागात पडते. डोळे दुधाळ-निळसर झाले असतील तर तो कात टाकणार आहे. त्या काळात त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो जास्त बुजतो. कात पूर्ण निघेपर्यंत थांबावे.

पहिली पायरी: वास. हात साबणाने धुवून पेटीत, सापापासून थोडा दूर, काही मिनिटे स्थिर ठेवावा. त्याला स्पर्श करू नये. तो जीभ लवलवत जवळ आला तर येऊ द्यावे. काही जण आपला वापरलेला सुती कपडा आडोशाजवळ ठेवतात, म्हणजे मालकाचा वास ओळखीचा होतो.

दुसरी पायरी: सूचना. दर वेळी उचलण्याआधी गुंडाळलेल्या कागदाने किंवा सापाच्या आकड्याने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करावा. खाण्याच्या वेळी हा स्पर्श कधीच करू नये. थोड्याच दिवसांत 'स्पर्श झाला म्हणजे जेवण नाही' हे त्याला कळते आणि भुकेने झडप घालणे थांबते.

तिसरी पायरी: उचलणे. हात वरून नव्हे, बाजूने न्यावा. डोके किंवा शेपूट धरू नये. अंगाच्या मध्याखाली हात सरकवून दुसऱ्या हाताने मागचा भाग तोलावा. एकदा उचलायचे ठरवले की शांतपणे उचलावे. पुढे-मागे होणारा, थरथरणारा हात सापाला सर्वांत जास्त घाबरवतो. स्वतःलाच भीती वाटत असेल तर सुरुवातीला पातळ हातमोजे घालायला हरकत नाही.

चौथी पायरी: वेळ. पहिल्या वेळी दोन-तीन मिनिटे पुरे. जमिनीवर किंवा पलंगावर बसूनच घ्यावे, म्हणजे तो निसटला तरी उंचावरून पडणार नाही. त्याला घट्ट धरू नये. एका हातावरून दुसऱ्या हातावर सरकू द्यावे, आपण फक्त फांदी व्हावे. आठवड्यातून दोन-तीन वेळा असे करत दहा-पंधरा मिनिटांपर्यंत न्यावे. रोज तासभर गळ्यात घालून फिरणे सापाला मानवत नाही.

साप हातात गोळा झाला तर त्याला उलगडायचा प्रयत्न करू नये. हात स्थिर ठेवून वाट पाहावी. बहुधा मिनिट-दोन मिनिटांत डोके बाहेर येते. ते बाहेर आल्यावर, तो शांत असतानाच परत ठेवावा. फुत्कार ऐकून लगेच हात मागे घेतला तर फुत्कारल्याने माणूस जातो हे सापाला कळते. उलट, तो जिवाच्या आकांताने सुटू पाहत असताना धरून ठेवले तर भीती पक्की होते. या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे वेळ थोडा ठेवणे आणि शेवट शांततेत करणे.

भीतीच्या खुणा कोणत्या?

- मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळवून डोके मागे घेणे: झडपेची तयारी. हात नेऊ नये.
- फुत्कार, जोरजोरात श्वास, अंग फुगवणे.
- चेंडू करून डोके लपवणे.
- उग्र वासाचा स्राव किंवा विष्ठा सोडणे.
- हातात घेतल्यावर थांबून थांबून धक्क्याने पुढे पळणे.
- पेटीच्या काचेवर सतत नाक घासणे. हे बहुधा पेटीतल्या दोषाचे लक्षण असते.

याउलट सैल वेटोळे, संथ सरपटणे आणि शांतपणे लवलवणारी जीभ ही निर्धास्तपणाची चिन्हे.

काही लक्षणे भीतीची नसून आजाराची असतात. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडातून बुडबुडे किंवा चिकट लाळ, तोंड उघडे ठेवून बसणे, खवल्यांमध्ये हलणारे बारीक काळे ठिपके, तुकड्यातुकड्यांत अडकलेली कात, मान वर वळवून आकाशाकडे पाहत राहणे, यांपैकी काहीही दिसले तर हाताळणी बंद करून डॉक्टरांकडे जावे. 'स्पायडर' या रंगप्रकाराच्या सापांत जन्मजात चेताविकार असतो. त्यांचे डोके डुलते, तोल जातो. ती भीती नव्हे आणि सवयीने जातही नाही. असा साप विकत न घेणे हेच उत्तम.

चावला तर, आणि इतर काळजी

बॉल पायथनला विष नसते. भीतीने चावल्यास सुईने टोचल्यासारख्या बारीक जखमा होतात. त्या साबण-पाण्याने धुवून जंतुनाशक लावावे. त्याने पकड घेतली असेल तर ओढू नये. दात मागे वळलेले असतात, ओढल्याने आपली जखम वाढते आणि त्याचे दात तुटतात. पकड घेतलेला भाग थंड पाण्याखाली धरावा, तो सहसा सोडतो.

चाव्यापेक्षा महत्त्वाचा धोका साल्मोनेला जिवाणूंचा आहे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही ते असू शकतात. हाताळल्यावर दर वेळी हात धुवावेत, पेटीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत आणि सापाचे मुके घेऊ नयेत. पाच वर्षांखालची मुले आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्ती यांनी साप हाताळू नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवावे.

भारतात साप पाळता येतो का?

भारतातले साप पाळता येत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नाग, धामण, अजगर अशा देशी सापांना संरक्षण आहे. त्यांना पकडणे, विनापरवाना बाळगणे किंवा विकणे गुन्हा आहे. घरात साप शिरला तर वनविभागाला किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला बोलवावे. या लेखातली कोणतीही पद्धत त्या सापावर वापरू नये.

बॉल पायथन विदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याच्या कुळाचा समावेश आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रजाती भारतीय कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या आणि २०२४ च्या नियमांनुसार त्या बाळगणाऱ्याने परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर नोंदणी करणे बंधनकारक झाले. कागदपत्रांशिवाय विकला जाणारा साप बहुधा तस्करीतून आलेला असतो. परदेशातही राज्यागणिक आणि शहरागणिक नियम वेगळे असतात. अमेरिकेतल्या हवाई राज्यात तर कोणताच साप पाळता येत नाही.

साप कुठून आला, यावरही बरेच ठरते

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून गेल्या काही दशकांत लाखो बॉल पायथन निर्यात झाले. जंगलातून पकडलेला साप प्रवासात उपाशी, जंतांनी व गोचिडांनी बेजार आणि भेदरलेला असतो. तो रुळायला महिने लागतात, काही कधीच रुळत नाहीत. बंदिवासात जन्मलेले, गोठवलेले अन्न खायला शिकलेले पिलू तुलनेने लवकर स्थिरावते. विकत घेताना 'शेवटचे कधी, काय आणि किती वेळा खाल्ले?' हा प्रश्न विचारावा आणि शक्य असेल तर साप खाताना प्रत्यक्ष पाहावा.

एवढे करूनही काही साप आयुष्यभर हाताळणी फक्त सहन करतात. त्यात मालकाचे अपयश नाही. असा साप हातात न घेता, काचेपलीकडून, रात्री मंद उजेडात पाहावा. तो नियमित खातो, नीट कात टाकतो आणि संध्याकाळी आपणहून बाहेर येऊन फिरतो, तर तो घरात रुळला आहे. हाताळणी ही त्यापुढची गोष्ट आहे, आणि तिची गरज सापापेक्षा आपल्याला जास्त असते.